नाल्यातला प्लॉट

शुक्रवार, संध्याकाळ. मु. धाड

गजाननचं तोंड आठवलं की अजून डोकं तापतं. ह्यांचा मित्र, म्हणून ह्यांच्या माघारी डोळे मिटून त्याच्यामार्फतच प्लॉट घेतला. दलाली त्यानं माझ्याकडूनही घेतली, विकणाऱ्याकडूनही.

आज पाया आखायला मिस्त्रीला घेऊन गेले, तर शेळ्या चारणारी एक बाई म्हणाली, "अवो बाई, इथं घर काऊन बांधून राह्यल्या? पावसाळ्यात नाला इथूनच वाहते."

तेवढ्यात गजाननच आला, उंद्रीच्या एका जोडप्याला शेजारचा प्लॉट दाखवायला. त्याला बाजूला घेऊन विचारलं, "तुले माहीत होतं?"

"हाव. पण वहिनी, तुमी कुठं इचारलं?"

कुठं इचारलं! नाला वाहतो का, हे मी विचारायचं? मग दलाली कशाची घेतलीस? नुसतं बोटानं जमीन दाखवायची?

तिकडे ती पोटुशी पोर नवऱ्याला स्वयंपाकघर कुठं, न्हाणी कुठं, ते सांगत होती. मला राहवलं नाही. सरळ गेले आणि नाल्याचं सगळं सांगून टाकलं.

गजानन धावत आला. "वहिनी, माह्यं गिऱ्हाईक काऊन तोडून राह्यल्या?"

"गिऱ्हाईक नाही बे, लेकराबाळाची माणसं आहेत ती!" आयुष्यात पहिल्यांदा त्याला 'बे' म्हटलं. म्हटलं तर म्हटलं.

नवऱ्यानं गाडी चालू केली. बसता बसता त्या पोरीनं माझा हात धरला. "काकू, तुमचा प्लॉट कोणता मग?"

मी शेजारच्या, मिस्त्री थांबला होता त्या जमिनीकडे बोट दाखवलं.