सादियाला मागं का ठेवलंस?

प्रिय सलीम,

तू ज्याच्यावर जीव टाकायचास, त्या इटलीच्या स्ट्रायकरला काल कोचपदावरून काढलं. टीमच्या पोरींनी मोबाईलवर दाखवलं. तू असतास तर खूश झाला असतास, की रडला असतास? मला ठरवताच येईना, म्हणून तुलाच लिहून राह्यलो.

आठवतं, त्याची मॅच बघायला जुन्या जालन्यातल्या हॉटेलात आपण एका चहावर बसून राहायचो? मालक खेकसायचा, "उठा रे, गिऱ्हाईक उभं हाय!" तू ऐकतोस कुठं! पुढं त्याच्यासारखाच नऊ नंबर घातलास, आणि त्याच्यासारखाच कुणाला पास द्यायचा न्हाईस. कडेनं पळून पळून बॉल मी आणायचो, गोल तुझा! राग यायचा. पण तू गोल मारला की मिठी मारायला सगळ्यात आधी मीच धावायचो.

मंग तो रिटायर होऊन कोच झाला, आणि त्याची टीम नुस्ती स्वतःच्या गोलसमोर गर्दी करून उभी राहायला लागली. केवढा भडकला होतास! "गज्या, जिंदगीभर गोल मारणारा माणूस गोल अडवायला शिकवून राह्यला! याला झालं काय?"

शहागडच्या मैदानावर तुझा गुडघा गेला. तूही कोच झालास, मोहल्ल्यातल्या पोरींचा. घरोघरी जाऊन बापांना मनवलंस. पहिली पोरगी उतरवलीस ती तुझीच, सादिया. काय शॉट होता तिचा! बिलकुल तुझा.

आणि फायनलला तिलाच डिफेन्सला ठेवलंस?

"अब्बा, मी पुढं खेळते ना," ती म्हणाली.

"मागं थांब म्हणलं ना!"

बस्स, एवढंच. गोल कुणाचाच झाला न्हाई, पेनल्टीवर आपण जिंकलो. पोरी नाचत होत्या, ती एकटी बसून बूट काढत होती. मी विचारलं, "असं का रे?" तू म्हणालास, "सांगतो तिला. जरा राग उतरू दे."

राग उतरायच्या आधीच तुझं हृदय थांबलं. एवढी कसली घाई रे?

तू गेल्याचा चाळिसावा दिवस झाल्यावर ती माझ्याकडं आल्ती. "चाचा, अब्बांचा माझ्यावर भरोसा नव्हता का?"

"येडी! भरोसा होता म्हणूनच मागं ठेवलं," मी म्हणालो. म्हणालो खरा, पण मलाच पटलं न्हाई. भरोसा होता, की हरायची भीती? की तिचाही गुडघा जाईल म्हणून भ्यालास? का त्या इटलीवाल्याला गोल अडवायचं जे मोल कळलं होतं ते तुलाही कळलं, आणि मीच कडेनं पळत राह्यलो?

आता टीम मी बघतो. परवाच्या मॅचला तिला पुढं खेळवलं. तिनं गोल मारला, असा की जाळी फाटावी! मैदानभर आरडाओरडा. आणि ती? कुणाला मिठी न मारता उलटी पळाली अन् आपल्याच गोलसमोर जाऊन उभी राह्यली. नंतर विचारलं तर म्हणाली, "माहीत न्हाई चाचा. पाय तिकडंच गेले."

याचा मी काय अर्थ लावू, सलीम? तुझ्यावर रागावलोय का, तेही नक्की सांगता येत न्हाई.

एक शब्द देतो. तुझ्या वतीनं उत्तर बनवून तिला सांगणार न्हाई. पुढच्या मॅचला टीम ठरवायच्या आधी तिला बाजूला घेऊन विचारीन, "बेटा, तुला कुठं खेळायचंय?" ती बोट दाखवील तिथं तिला खेळू देईन. एवढं तरी तिला कुणीतरी विचारायला पायजे होतं ना?

तुझा,
गज्या