किमान एक

१७ ऑगस्ट

प्रिय ताई,

नमस्कार. गुडघा कसा आहे? काठीशिवाय चालायला लागलीस असं भाऊजी म्हणाले. जिना मात्र एवढ्यात चढू नकोस. तुला दम धरवत नाही, ठाऊक आहे मला. मी फोन उचलत नाही म्हणून फुगून बसली असशील. फोनवर मला शब्दच फुटत नाही, म्हणून हे लिहितोय. पाळण्यासाठी तू खोलीची मापं मागितली होतीस. पाळण्याचं सध्या राहू दे.

इकडे कामाचा रगाडा आहे. एका प्रसूती रुग्णालयाच्या सगळ्या नोंदी नव्याने कॉम्प्युटरवर आणायच्यात आणि डेटाबेसचा आराखडा माझ्या गळ्यात पडलाय. तू नेहमी विचारतेस, "दिवसभर चौकोन काढायचा पगार देतात तुला?" देतात, बाई. आई, प्रसूती, बाळ, डॉक्टर, प्रत्येकाचा एक चौकोन. कुणाचं कुणाशी नातं ते रेघेने जोडायचं. रेघेच्या टोकाला खुणा असतात. रेघेला छेदणारी दांडी म्हणजे किमान एक हवंच. छोटं वर्तुळ म्हणजे एकही नसलं तरी चालेल. पक्ष्याच्या पायासारखे तीन फाटे म्हणजे कितीही. पुढचं सगळं या चित्राबरहुकूम बांधतात. चित्रात जे नाही, त्याला नंतर कुठेच जागा मिळत नाही.

परवा रुग्णालयात बैठक होती. मी फळ्यावर प्रसूतीपासून बाळापर्यंत रेघ ओढली, टोकाला दांडी आणि फाटे काढले. एका प्रसूतीत किमान एक बाळ, जुळी झाली तर जास्त. आमचे साहेब म्हणाले, "दांडी पूस, वर्तुळ काढ. मूल जिवंत नसलं तर बाळाची नोंद उघडायची कशाला? आईच्या चौकोनात शेरा टाकू. बाळं शून्य."

साहेब वाईट माणूस नाही, ताई. कामाच्या ओघात बोलले.

मी डस्टर उचललं. हात फळ्यापर्यंत गेला आणि तिथेच राहिला.

"शून्य नाही, साहेब."

"अरे, नोंदीपुरतं."

"नोंदीपुरतंही नाही. तिचं वजन केलं होतं. दोन किलोला जरा कमी भरलं."

"कुणाचं?"



आमचं बाळ गेलं, ताई. मुलगी होती. आठव्या महिन्यात पोटातली हालचालच थांबली. तू तेव्हा ऑपरेशनसाठी दवाखान्यात होतीस. ताई घरी आली की सांगू, असं आम्ही ठरवलं. तू घरी आलीस आणि पहिल्याच फोनवर "बाळ काय म्हणतंय?" विचारलंस. माझ्या तोंडून "मजेत" निघून गेलं. त्यानंतर तुझा फोन वाजला की मी तो पालथा घालून ठेवायचो.

केस दाट होते, कपाळाला चिकटलेले. नाक थेट आपल्या आईचं. नर्सने कापडात गुंडाळून तुझ्या भावजयीच्या हातात दिली, तर ही म्हणाली, "पंखा बंद कर रे, गारठेल ती." मी उठून पंखा बंद केला.

ऑफिसात मी फक्त बायको आजारी म्हणून रजा टाकली होती. बैठकीतल्या डॉक्टरबाईंनी हळूच विचारलं, "मुलगी का?" मी मान हलवली. त्या साहेबांना म्हणाल्या, "दांडी राहू द्या. बाळाच्या चौकोनात जन्मताना जिवंत होतं की नाही, एवढा एक रकाना वाढवा." साहेबांनी माझ्या हातातलं डस्टर काढून घेतलं आणि म्हणाले, "घरी जा तू."

घरी आलो तर ही खिडकीपाशी, सकाळी बसली होती तिथेच. हल्ली कामापुरतंच बोलते. मी तिला झालेलं सगळं सांगितलं. तिने विचारलं, "आपण होतो त्या दवाखान्यात असेल का तिची नोंद?"

"माहीत नाही गं."

"मग तू काढ."

स्वयंपाकघरातल्या टेबलावर कोरा कागद घेतला. आई, बाबा, मुलगी. रेघा जोडल्या. ती वाकून बघत होती. म्हणाली, "ताई राहिल्या." मी आणखी एक चौकोन काढला, आत 'आत्या' लिहिलं. ती रेघ तिने स्वतः ओढली, आणि पेन्सिल टाकून एवढ्या मोठ्याने रडली की शेजारच्या काकू धावत आल्या. त्या दिवसापासून पहिल्यांदाच रडली ती. शांत झाल्यावर एवढंच म्हणाली, "त्यांना कळव."

ताई, तू आत्या झालीस. मला हे वेगळ्या आवाजात सांगायचं होतं.

बारशासाठी काढलेलं तिकीट रद्द करू नकोस. ये. भेटायला येणारे सगळे हिला विसरायला सांगतात, बाळाबद्दल कुणी अवाक्षर विचारत नाही. तू विचार. कशी दिसत होती, कुणावर गेली होती, सगळं विचार. ती सांगेल तुला. नाव ठेवायचंही राहून गेलंय. तू आलीस की तिघं बसून ठरवू.

तुझा धाकटा भाऊ,
आणि तुझ्या भाचीचा बाबा