धावपट्टीसमोरची कोपी

प्रिय वहिनी,

आज वेळ अमावस्या, तुमच्याशिवायची पहिली. रानातली पूजा झाली, पंगत उठली, सगळे कडब्याच्या कोपीत आडवे झालेत, म्हणून बांधावर बसून लिहितोय. गावचा आराखडा मंजूर झाला. धावपट्टीच्या टोकाचं आपलं रान आणि त्याला लागून असलेला सगळा पट्टा शेतीसाठीच राहणार. घरं ओढ्यापलीकडच्या माळावर. तुम्ही म्हणत होता तसंच!

हे ऐकायला थोडं थांबायला हवं होतं. गावाच्या कामात कधी घाई केली नाहीत, मग जायचीच कशाला केलीत?

तुम्ही सरपंच झालात त्याच वर्षी दादानं या रानात प्लॉट पाडायचं ठरवलं. पांढऱ्या फक्कीच्या रेघाही मारल्या, गिऱ्हाइकंही ठरली. एक प्लॉट माझ्या नावचा होता, मी खूश होतो. तुम्ही ग्रामपंचायतीत नाही म्हणालात. घरी दादा चिडला, "तू सरपंच गावाची का वरच्या इमानाची?"

तुम्ही भाकरी थापत म्हणालात, "दोन्हीची. वर बी माणसंच असत्यात की."

नंतर जे केलंत, ते आम्हाला तरी आधी सांगायचं होतं. वेळ अमावस्येला सगळ्या प्लॉटवाल्यांना बायकापोरांसह जेवायला बोलावलंत आणि कोपी घातलीत नेमकी फक्कीच्या रेघांमध्ये. शिकाऊ वैमानिकांचं छोटं विमान सारखं उतरायचं, चढायचं, वळून पुन्हा डोक्यावरून यायचं. दर खेपेला पंगतीच्या माना वर व्हायच्या. एका बाईनं पोराला पोटाशी धरलं, ते सोडलंच नाही.

बेंबळीचे निवृत्त गुरुजी म्हातारपणासाठी इथं घर बांधणार होते. ते म्हणाले, "सरपंचबाई, हितं दुपारी डोळा तरी लागंल का?"

"डोळ्याचं सोडा, गुर्जी. येखांद्या पोराचा नेम चुकला आन् इमान रानात आलं, तर रानात काय असावं? ज्वारी, का तुमची माडी? भज्जी घ्या अजून."

गुरुजींनी भज्जी घेतली. "मला माळावरची जागा दावा," म्हणाले. मग बाकीचेही तेच म्हणू लागले.

दादा कितीतरी दिवस तुमच्याशी धड बोलला नाही. वाईट वाटलं असेल ना? तुम्ही दाखवलं नाहीत. उलट गावचा उकिरडाही धावपट्टीजवळून हलवलात, घारी विमानाला आडव्या येतात म्हणून.

जन्मभर मी सभा-बैठकांच्या बातम्या लिहिल्या. असली बैठक दुसरी पाहिली नाही. पण तुमची ताकीद होती, "घरच्या बाईचं छापू नका, भावजी." आज ऐकत नाही. सगळ्यांना सांगणार आहे, ही माझी वहिनी.

यंदा कोपी कुणी घातली सांगू? दादानं. कुणाला हात लावू दिला नाही. मघाशी विमान गेलं तेव्हा त्यानं आंबिलीचा पेला खाली ठेवला, वर बघितलं आणि म्हणाला, "तिची माणसं चालली."

वहिनी, शब्द देतो. आम्ही आहोत तोवर या रानात एवढंच बांधलं जाईल: कडब्याची कोपी, एका दिवसाची.

तुमचा भावजी,
सुधाकर