शनिवारचं गाणं आणि थांबणारा तबला

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर धरल्यामुळे अर्ध्यातूनच). तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींची तब्येत मी विचारत नाही. त्यांनी आधी माझ्या तालाची चौकशी थांबवावी. इकडे सगळं ठीक, आणि कालपासून तर अगदी हायसं वाटतंय.

तुला ठाऊकच आहे, आमचं वाजलं आणि भाऊजींनी माझ्या साथीला बसणं सोडलं, तेव्हापासून माझा तबलजी संगणकात राहतो. इतक्या वर्षांत या सॉफ्टवेअरने कधी तोंड वाकडं केलं नाही, चहा मागितला नाही, की भर मैफलीत घड्याळाकडे पाहिलं नाही (कोण पाहायचं ते तुला माहीत आहे). पण परवा कंपनीने आपणहून त्यात सुधारणा केली आणि त्याचं डोकंच फिरलं. मी गायला लागलो की ठेका मंदावत मंदावत शेवटी ठप्प! शनिवारी वाचनालयाच्या सभागृहात गायचंय, आमंत्रणं गेलीत, आणि तबला झोपलेला. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

कंपनीच्या मदतकेंद्रातल्या बाईंना फोन लावला. (तिथे माझा इतका जुना घरोबा आहे, की आवाज ओळखून त्या आधी उसासा टाकतात.) त्यांनी संगणक बंद-चालू करायला लावला, वायरी काढून पुन्हा खोचायला लावल्या आणि शेवटी म्हणाल्या, "आता गाऊनच दाखवा." फोन टेबलावर ठेवून मी गायलो. ठेका थांबला, मीही थांबून वाट पाहत बसलो. मग बाई हळूच म्हणाल्या, "काका, आता हा तबला तुमच्या मागून येतो, आणि तुम्ही त्याच्या मागून जाताय. कुणीतरी पुढे व्हायला हवं ना?"

खरंच गं! मला सवय भाऊजींची. मी जरा रेंगाळलो की डग्ग्यावर एक थाप मारून ते मला पुढे ओढायचे. या यंत्राला कुठला तो अधिकार? मी थांबलो की तेही अदबीने थांबायचं. बाईंनी कुठलंसं बटण बंद करायला लावलं आणि ठेका पूर्वीसारखा सरळ चालू लागला. जीव भांड्यात पडला. नंतर मात्र त्या थापेची फार आठवण आली.

असो. आता शनिवारची काळजी नाही. घरात सर्वांना नमस्कार (भाऊजींनाही, त्यांनी विचारलं तर).

तुझा धाकटा

ता. क. : शनिवारी दोघंही याच. गाडीत जागा असेल तर तबलाही टाका.

आणखी एक ता. क. : यंत्र दुरुस्त झाल्याचं भाऊजींना सांगू नकोस. अजून बंदच आहे म्हण.