उरलेला ठोका

आबा, येत्या पौर्णिमेला जत्रा आहे, आणि पालखी देवळात परत येताना संबळ मी वाजवायचा असं गावानं परस्पर ठरवून टाकलंय. मला कुणी विचारलंही नाही. सरपंचांचा फोन आला, "भाऊ, तुमच्या वडलांची गत तुमच्याबिगर कुणाला येतीय?" तुम्ही गेल्यापासून शेजारच्या गावचा वाजवणारा येतो, पण त्याला पालखीच्या ठोक्यांची आपली ठरलेली गत येत नाही, तो आपलं काहीतरी बडवून जातो. मी "बरं" म्हणून बसलो. दोन लेकरांचा बाप झालोय, पण तुमच्यासमोर वाजवायचं म्हटलं की आजही धीर होत नाही. त्यात तुम्ही समोर नाही, म्हणजे आणखीच अवघड.

तुम्ही मला गत शिकवलीत ती स्वयंपाकघरात. खरा संबळ खुंटीला, माझ्यापुढे उपडी परात आणि हातात जळणातल्या दोन काटक्या. जत्रेत पालखी देवळाच्या उंबऱ्यात आली की तुमचे हात नुसते पळायचे, आणि नेमक्या शेवटच्या ठोक्याला हवेतच थांबायचे. तो ठोका ठेवायचा. पुढच्या वर्षी पालखी आली की आधी तो उरलेला ठोका मारायचा, मग गत सुरू. हे मला ठाऊक होतं, तरी एकदा मला हात आवरला नाही. मी काटकी उगारतो आणि तुम्ही झटकन परातीवर पंजा ठेवता. काटकी तुमच्या बोटांवर बसते. तुम्ही पंजा हलवत नाही.

"त्यो आपला न्हाई."

"मग कुणाचा?"

"फुडल्या वर्साचा. समदं आजच वाजवलं तर फुडल्या वर्साला देव कशापायी यील?"

"आदी माझी परात द्या," आई म्हणाली, "पीठ मळायचंय मला."

पुढे मी नारायणगावात टेप दुरुस्तीच्या दुकानात लागलो. माळशेजला निघालेले पुण्याचे एक सॅक्सोफोनवाले गाडीतला टेप बंद पडला म्हणून थांबले. मी काम करता करता टेबलावर बोटं वाजवत होतो, ती त्यांनी ऐकली. महिन्याभरात मी संबळ घेऊन पुण्याच्या स्टुडिओत. त्यांचा जॅझचा अल्बम होता, पण त्यात आफ्रिकेचा ढोल होता, दक्षिण अमेरिकेकडची लाकडी बासरी होती, गिटार होती. देशोदेशीचे पावणे एका पंगतीला बसावेत तसं. त्यांच्यात प्रत्येकाची एकेक पाळी येते. एकजण मनाला येईल तसं वाजवतो, बाकीचे त्याला सांभाळून घेतात. माझी पाळी आली आणि मी आपली गत वाजवली. शेवटचा ठोकाही मारला. त्याच क्षणी सगळी वाद्यं एकदम थांबली. मग जो तो हसत सुटला, कुणी मला मिठी मारली.

कॅसेट घेऊन घरी आलो तेव्हा तुम्ही छातीच्या दुखण्यानं बाजेवर होता. मी ती फडताळात कपड्यांखाली दडवली. चौथ्या दिवशी तुम्ही विचारलंत, "शेवट कसा केला रं?" मी म्हणालो, "तुमच्यासारखाच. ठोका ठेवला." तुम्ही पांघरूण छातीवर ओढलंत. मग म्हणालात, "मंग झालं." पुढच्या जत्रेला तुम्ही नव्हता.

तेराव्यानंतर घरातला टेप उघडला तर कॅसेट त्यातच होती, शेवटापर्यंत गेलेली. तेव्हापासून हा काटा सलतोय. आईला विचारायचं धाडस इतक्या वर्षांत झालं नाही, ते परवा झालं. ती शेंगा फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुला इचारायच्या आदीच ऐकली व्हती त्यांनी. दोनदा. शेवट आला की हात वर जायचा त्यांचा."

"थांबवायला का मारायला?"

"मला काय कळतंय त्यातलं?"

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मी खोटं बोलतोय हे कळत असून तुम्ही "मंग झालं" म्हणालात. रागावला असतात तर बरं झालं असतं, आबा. आता पौर्णिमेला मी कोणता ठोका मारून सुरुवात करू? मागचा उरलेला म्हणावा, तर तो मी कधीच पुण्यात, स्टुडिओतल्या काचेच्या खोलीत मारून बसलोय. गाव ऐकेल, त्याला काही समजणार नाही. मला समजेल.

हा कागद कुठे पाठवायचा नाही. संबळाच्या पिशवीत तळाशी ठेवतो. पण एक लिहूनच टाकतो. मित्रांना, बायकोला मी हेच सांगत आलोय की सॅक्सोफोनवाल्यांनी मला तो ठोका मारायला लावला. तसं नव्हतं. ते म्हणाले होते, तुमच्या रिवाजाप्रमाणे थांबा, आम्हीही तिथंच थांबू. पहिल्यांदा तसं वाजवलंही. दुसऱ्यांदा मी मारला. आणि दोन्हींतलं कुठलं रेकॉर्डिंग अल्बममध्ये घ्यायचं असं त्यांनी विचारलं, तेव्हा दुसरं घ्या, असं मीच म्हणालो. लई गोड लागला होता तो ठोका, आबा. अजून लागतो.