तळपायांची खबर

आई,

लांबूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवते.

मी मॅरेथॉनसाठी अनवाणी पळते, हे दादाने सांगितलंच असेल, चुगलखोर कुठला! काळजी करू नकोस. सरांनी आधी हिरवळीवर पळवलं, मगच रस्त्यावर. बूट नसले की पाय आपटत नाही, अलगद पडतो. एकदाच काच लागली, पण लागल्याबरोबर कळली.

तुला खिळा रुतला तो मात्र फरशीवर रक्त दिसल्यावर कळला. शुगरने तळपाय बधिर झाले, तरी घरात अनवाणीच फिरतेस म्हणे. जन्मभर मला "चप्पल घाल" म्हणून ओरडलीस, आता तू घाल. जखम भरली का?

पायाला जमीन लागल्याशिवाय तुला करमत नाही, ठाऊक आहे. ती कशी लागते, ते मी कळवत जाईन.

आज रस्ता गार होता, आई.

तुझीच,
धाकटी