खिडकी सहालाच उघडेल

मी, निवृत्त मुद्रितशोधक, वय एकोणसत्तर, जिला सारी गल्ली पाठीमागे ‘तोफ’ आणि तोंडावर ‘बाई’ म्हणते, प्रभूला आणि शेजाऱ्यांना साक्ष ठेवून लिहून देते की माझी बुद्धी शाबूत आहे. शंका असल्यास माझ्याशी पाच मिनिटे वाद घालावा. गुरुवारी माझ्या घशाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, “जीव वाचेल बाई, आवाजाचं मात्र सांगता येत नाही.” म्हणून जीवाची आणि आवाजाची व्यवस्था एकदमच लावते आहे.

कलम एक. दोन खोल्या, बँकेतली शिल्लक आणि पुस्तकांची चारही कपाटे माझ्या भाचीला. पुस्तके रद्दीत घातलीस तर वर भेटू तेव्हा बोलेन. तिथे माझा आवाज परत आलेला असेल.

कलम दोन. गजराचे घड्याळ आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना. त्यांनी चर्चच्या सभेतले माझे भाषण पंधरा मिनिटांवर आणले. त्यांच्या प्रवचनाच्या विसाव्या मिनिटाला ते वाजावे अशी इच्छा आहे. किल्ली भाचीकडे राहील.

कलम तीन. छत्री धाकट्या भावाकडेच आहे. ती आता त्याला दिली असे समजावे. इतकी वर्षे मी भिजले ते माफ.

कलम चार जरा लांबणार. भाषण नाही, पार्श्वभूमी आहे.

मी कामाला होते त्या छापखान्याला टाळे लागले तेव्हा अर्ध्या गल्लीचे काम एका दिवसात गेले, आणि तोंडचे शब्दही. फाटकासमोर मी तीन दिवस गर्जले. टाळे हलले नाही. चौथ्या दिवशी जाग आली तेव्हा जायला जागाच नव्हती. तरी सहाला उठले, तोंड धुतले, चहा ठेवला, रस्त्याकडची खिडकी उघडली आणि रोजच्यासारखे एक स्तोत्र मोठ्याने वाचले. तेव्हा मला कळले ते आजही ठासून सांगते: रानात देवाने आपल्या लोकांना मान्ना, म्हणजे आकाशातला घास, रोजच्या रोज दिला, साठवला त्याला किडे पडले. उद्याचा धीर आज मिळत नाही. संकटात चमत्काराची वाट पाहणाऱ्यांनी आधी तोंड धुवावे.

समोरचा शिंपी देव मानत नाही. पहिल्याच आठवड्यात ओरडला, “बाई, तुमचा देव बहिरा आहे का?”

“देव नाही, तुम्ही आहात!” मी म्हटले.

अकरा वर्षे हेच चालले. मग एका सकाळी मी तापाने उठलेच नाही. साडेसहाला दारावर थापा. गळ्यात टेप, हातात कात्री.

“काय हो, आज बंद?”

“ताप आहे.”

“असू दे की! खिडकी उघडा. मला शटर कधी वर करायचं ते कळत नाही. सगळी गल्ली खोळंबलीय.” जाता जाता वळला. “आणि एक विचारू? स्तोत्रांच्या दर फेरीला अठ्ठ्याऐंशी झालं की तुम्ही एकदम नव्वदच घेता. एकोणनव्वद कुणी खाल्लं?”

चाळीस वर्षे मी दुसऱ्यांच्या चुका तांबड्या पेन्सिलीने पकडल्या! स्तोत्रांच्या ग्रंथातले फाटलेले पान मीच खळ लावून डकवले होते. शेजारचे पानही त्याला चिकटून बसले. अकरा वर्षे मी ते स्तोत्र गिळत आले, आणि ते कळले न ऐकणाऱ्याला. त्यानेच इस्त्रीची वाफ देऊन पाने सोडवली. एक कोपरा करपला. तो राग मी अजून सोडलेला नाही.

कलम पाच. साक्षीदाराला मिळकतीतले काही मिळू नये असा नियम आहे. म्हणून शिंप्याला मी मुद्दाम साक्षीदार केले: त्याला मालमत्ता मिळणार नाही, काम मिळेल. ग्रंथ भाचीचा, पण तो खिडकीतून हलणार नाही. रोज सहाला येऊन शिंप्याने त्यातले एक स्तोत्र मोठ्याने वाचावे. तो म्हणाला, “अहो, माझा विश्वास नाही.” विश्वास नसला तर चालेल, उशीर चालणार नाही. विश्वासाचे काय ते प्रभू आणि तो बघून घेतील.

मृत्युपत्र मेल्यावरच लागू होते हे मला ठाऊक आहे. हे कलम शुक्रवारपासून लागू. मी परत आले तर शेजारी खुर्चीत बसेन, आणि चूक झाली की चौकटीवर पेन्सिल आपटेन. तेवढ्याला आवाज लागत नाही.

हे सर्व मी राजीखुशीने, चष्मा लावून आणि दोनदा तपासून लिहिले आहे.

ठिकाण: खिडकीजवळचे टेबल. तारीख: ऑपरेशनचा आदला दिवस, बुधवार.

सही: तोफ

साक्षीदार पहिला: डॉक्टर. बाई पूर्ण शुद्धीत आहेत. वाद घालून पाहिला.

साक्षीदार दुसरा: समोरचा शिंपी. सही केली. सहाला जमणार नाही. सव्वासहा.

(खाली तांबड्या पेन्सिलीने) सहा.

(त्याखाली शिंप्याच्या खडूने) बरं. पण ऐकायला परत या.